तिसावं नाव

साखर कारखाना बंद झाला की सगळ्यात आधी ऐकू येतात ती कबुतरं. पाच महिने ऊस पिळणाऱ्या मिलच्या धडधडीत ती कुठं दडून असतात, कुणाला ठाऊक. गव्हाणीतला शेवटचा ऊस आत जातो, बॉयलरची वाफ उतरते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांमधून त्यांचं घुमणं सुरू होतं. मग वास येतात. आंबलेल्या रसाचा, मळीचा, डिझेलनं धुतलेल्या नटबोल्टांचा, तापलेल्या पत्र्याचा. सोलापूरचा एप्रिल मिल हाऊसमध्ये असा शिरतो, की हातात घेतलेला पाना सोडून द्यावा लागतो. बाहेरच्या लोकांना वाटतं, कारखाना आता झोपला. झोपत नाही. आमचा खरा हंगाम आत्ता सुरू होतो. रोलर उचलायचे, बेअरिंगं काढायची, पाच महिन्यांत जे जे झिजलं ते मोजायचं, भरायचं, बदलायचं. आम्ही याला ऑफ सीझन म्हणतो. एकतीस ऑफ सीझन झाले माझे इथं. अजून दोन राहिलेत.

यंदाचा ऑफ सीझन लागून आठवडा झाला नाही तोच ऑफिसातून एक रंगीत पत्रक आलं. ‘औद्योगिक देखभाल क्षेत्रातील दीर्घकालीन करिअर आणि पुढील प्रशिक्षण’. वर एका माणसाचा फोटो. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पाना. पाना त्यानं उलटा धरलाय. हात इतके स्वच्छ, की या माणसानं आयुष्यात घरातला नळसुद्धा दुरुस्त केलेला नसावा. हसतोय मात्र असा, जणू गिअरबॉक्स उघडला आणि आतून पेढे निघाले. खाली शिडीचं चित्र आहे, पायरीपायरीनं वर जाणारं. पत्रकासोबत चीफ इंजिनिअरची चिठ्ठी : ‘तळेकर, तीस नावं द्या. आकडा पूर्ण पाहिजे.’

हसलो मी. तिरस्कारानं हसायची मला सवय आहे. आमच्या खात्यात मी त्यासाठीच ओळखला जातो. अशा कागदांचा, असल्या शिड्यांचा आणि त्या घेऊन येणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. पण हे हसू पुरं झालं नाही. तीस नावं. ‘आकडा पूर्ण पाहिजे’ हे शब्द मी आधीही एकदा ऐकले होते. तोही असाच ऑफ सीझन होता.

करोना ओसरल्यानंतरचा दुसरा उन्हाळा असावा. कारखान्याला कुठल्याशा योजनेतून प्रशिक्षण मिळालं होतं. सात दिवसांचं, तीस माणसांचं. एकही कमी चालणार नव्हता, नाहीतर योजनाच रद्द. आम्ही मिल, बॉयलर, वर्कशॉप सगळीकडून माणसं गोळा केली. एकोणतीस झाली. तिसावा सापडेना. कुणाच्या घरी लग्न, कुणाची पेरणीपूर्व मशागत, कुणाचं दुखणं. शेवटी तेव्हाचे चीफ इंजिनिअर वैतागून म्हणाले, “स्टोअरमधल्या त्या बाईला बसवा. नाव पाहिजे, माणूस कोण का असेना.”

ती बाई म्हणजे शमीम. आमच्या इक्बाल फिटरची बायको. इक्बाल मिल नंबर दोनवर माझ्या हाताखाली होता. त्या उन्हाळ्याच्या तीन वर्षं आधी हृदयाच्या झटक्यानं गेला. वारस म्हणून तिला कामावर घेतलं आणि स्टोअरच्या खिडकीत बसवलं. माहेर नातेपुत्याचं, शिक्षण बारावी सायन्स. हुद्दा मदतनीस. आम्ही चिठ्ठी द्यायची, तिनं मागच्या मांडणीवरून बेअरिंग, बोल्ट, पॅकिंग काढून द्यायचं आणि चिठ्ठी तारेला टोचायची. इक्बाल मला तात्या म्हणायचा, म्हणून तीही म्हणायची. सगळे फिटर तिला भाभी म्हणायचे.

प्रशिक्षण कारखान्याच्या सभागृहात होतं. छत पत्र्याचं, दोन कूलर, एकाची मोटर जळालेली. शेजारी दीडशे माणसांचं देखभाल खातं आणि सभागृहातला कूलर बंद. यावर कुणी हसलंसुद्धा नाही, इतकं ते आमच्या अंगवळणी पडलं होतं. शिकवायला पुण्याहून एक साहेब आले होते. गळ्यात टाय, हातात लाल ठिपका पाडणारी ती बारकी दांडी. पहिल्या दिवशी त्यांनी पडद्यावर शिडी दाखवली. खाली मदतनीस, वर फिटर, वर सुपरवायझर, आणि अगदी शेंड्याला एक असं इंग्रजी नाव, की ते उच्चारताना साहेबांचीच जीभ अडखळली.

“पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?” त्यांनी विचारलं.

भगवान उठला. आमचा जेऊरचा फिटर, माझ्याबरोबर कामाला लागलेला. म्हणाला, “हितंच की, साहेब. दोन नंबर मिलच्या खाली.”

सभागृह हसलं. साहेब म्हणाले, “पॉझिटिव्ह विचार करा.”

“पॉझिटिव्हच हाय की साहेब. मिलच्या खाली लई गार असतंय.”

मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. पुढचे सात दिवस मी तेच केलं. शेवटच्या रांगेत बसायचं, साहेबांच्या प्रत्येक वाक्यावर कुजबुजत शेरा मारायचा आणि जेवणानंतर डोळे मिटायचे. त्यांना काहीच येत नव्हतं, हे मला पहिल्या तासात कळलं होतं. बेअरिंग कसं निकामी होतं ते सांगताना ते कागदावरचं वाचत होते. ज्यानं कधी सणसणीत तापलेल्या बेअरिंगवर हात ठेवून पटकन मागं घेतलेला नाही, त्यानं मला देखभाल शिकवायची? मला माझ्या तिरस्काराचा अभिमान वाटत होता. माझ्याजवळची ती एकच गोष्ट होती, जी माझ्या हातांइतकी कसलेली होती.

पहिल्या रांगेत डोक्यावर ओढणी घेऊन शमीम बसायची. तिच्यासमोर दोनशे पानी वही. ती लिहायची. साहेब जे वाचून दाखवत, ते ऐकायची, आणि मध्येच हात वर करायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “सर, बेअरिंग गेलं की आवाज येतो, ते सगळ्यांना कळतं. पण जाणार आहे, हे आधी कधी कळतं?”

साहेबांनी लाल ठिपका पडद्यावर फिरवला. “ते पुढच्या भागात येईल.”

पुढच्या भागात ते आलं नाही. आली एक पेटी. पेटीत एक हातात धरायचं यंत्र. पंप, मोटर चालू असताना तिची थरथर मोजणारं. साहेबांनी ते सगळ्यांना लांबून दाखवलं, त्याची किंमत किती मोठी ते सांगितलं आणि परत पेटीत ठेवलं. योजनेचा भाग म्हणून ते कारखान्यालाच मिळणार होतं. शमीमनं उभी राहून विचारलं, “सोबतचं पुस्तक मी नेऊ का, सर? उद्या आणून देते.”

“इंग्लिश आहे ते,” साहेब म्हणाले.

“चालतंय.”

मागून मी म्हणालो, “न्या भाभी. चिठ्ठ्या टोचायला कागद जाड हाय.” पुन्हा हशा पिकला. तिनं मागं वळून बघितलं नाही.

शेवटच्या दिवशी पेपर होता. तीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. साहेबांना सोलापूरहून गाडी पकडायची होती, म्हणून त्यांनी उत्तरं सरळ फळ्यावर लिहून दिली. आम्ही उतरवून काढली. निकाल तासाभरात लागला. एकोणतीस जणांना तीसपैकी तीस. शमीमला अठ्ठावीस.

फळ्यावरची दोन उत्तरं चुकीची होती. ती तिनं बरोबर लिहिली होती.

हे मला तिनं सांगितलं नाही. पेपर गोळा करताना मी ते पाहिलं होतं. दोन्ही प्रश्न माझ्या कामातलेच होते, उत्तरं मला माहीत होती आणि तरी मी फळ्यावरचंच उतरवलं होतं. म्हणजे झोपेत असलेला माणूस आणि जागा असून झोपल्यासारखा लिहिणारा माणूस यांत मी दुसरा होतो. साहेबांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली. शमीमचं नाव शेवटी घेतलं. सगळ्यात कमी मार्कांचं.

मे सरला. उघड्या मिलमधून वारं शिरायचं आणि वाळलेला बगॅस, उसाचा चोथा, भुरूभुरू उडायचा, घामानं ओल्या पाठीला चिकटायचा. दुपारी दोन-अडीचला कुणी बोलत नसे. हातोडीचा एखादा ठोका, वेल्डिंगची तडतड, कबुतरं. त्या शांततेत एक दिवस शमीम स्टोअरची खिडकी लावून थेट पंप हाऊसमध्ये आली. हातात ती वही.

“तात्या, एक दाखवायचं हाय.”

तिथं तीन नंबरचा पंप होता. तळ्यातलं थंड पाणी कारखान्यात खेचणारा, माणसाच्या छातीएवढा. तो दर हंगामात एकदा तरी रुसायचा. बेअरिंग जायचं, आम्ही बदलायचो, चालू करायचो. मीच बदलायचो. आठ हंगाम.

तिनं वही उघडली. पाच वर्षांच्या चिठ्ठ्या तिनं तारखेवार उतरवल्या होत्या. इक्बालच्या काळातल्या जुन्या चिठ्ठ्यासुद्धा, तारेवरून एकेक काढून.

“या पंपाला दर साली एकच बेअरिंग लागतंय. मोटरच्या बाजूचं. दुसऱ्या बाजूचं कधीच न्हाय. आणि बघा, दर येळी बेअरिंगसंगं एक पायाचा बोल्ट पण मागितलाय तुमी. चार न्हाय, एकच.”

“मग?”

“मग बेअरिंग वाईट नसंल, तात्या. चार पायांच्या टेबलाचा एक पाय आखूड असला, तर टेबल डुगडुगतंय. हा पण तसाच बसला असंल. बोल्ट आवळला की सगळा सांगाडा पिळत असंल. त्या पुस्तकात हाय तसं चित्र.”

भगवान आणि आणखी चार-पाच जण जवळच उभे होते. ते माझ्याकडं बघत होते. मला आठवतंय, माझे कान तापले. आठ वर्षं ज्या पंपाला मी माझा म्हणत होतो, त्याचं दुखणं स्टोअरच्या खिडकीत बसून एका बाईनं चिठ्ठ्यांवरून ओळखलं होतं. त्या क्षणी मला एकच करता येत होतं, जे मी वर्षानुवर्षं करत आलो होतो.

“चिठ्ठ्या टोचून कुणी फिटर होत न्हाय, भाभी,” मी म्हणालो. “जा, खिडकी उघडा. माणसं खोळंबली असतील.”

तिनं वही मिटली. म्हणाली, “व्हय.” आणि गेली. त्या ‘व्हय’मध्ये राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत, सगळे शेडखाली डबे उघडून बसलेले असताना, मी एकटा पंप हाऊसमध्ये गेलो. चारही बोल्ट ढिले केले. पायाखाली फट मोजायची पातळ पट्टी घातली. तीन पाय घट्ट बसलेले. चौथ्याखाली पट्टी सरकली. आणखी एक घातली, तीही सरकली. मी तिथं उकिडवा बसून राहिलो. आठ हंगाम मी त्या पायाचा बोल्ट आवळत होतो, आणि प्रत्येक आवळण्यानं बेअरिंगचा जीव घेत होतो.

स्टोअरमधून मी पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या घेतल्या, कापून त्या पायाखाली बसवल्या, सगळं पुन्हा जुळवलं. कुणाला बोललो नाही. पाण्याची चाचणी झाली तेव्हा पंप असा फिरला, की वर ठेवलेला पाण्याचा पेला हलला नाही. चीफ इंजिनिअर बघायला आले होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “तळेकर, काय जादू केली?” मी म्हणालो, “अनुभव हाय, साहेब.”

ऑगस्टमध्ये कारखान्यानं एक नवी जागा काढली. त्या थरथर मोजणाऱ्या यंत्रासाठी माणूस. प्रशिक्षण घेतलेल्यांमधूनच घ्यायचा होता. दरमहा सगळी यंत्रं तपासायची, बिघडायच्या आधी सांगायचं. मदतनीसाच्या वर दोन पायऱ्या. सात जणांनी अर्ज केले. त्यात शमीमचा होता.

चीफ इंजिनिअरनं मला बोलावलं. समोर अर्जांचा गठ्ठा. “तळेकर, तुम्ही सांगा. ही स्टोअरची बाई. मार्क तर सगळ्यात कमी.”

आता हे लिहिताना मी त्या खोलीत पुन्हा उभा राहतो. भिंतीवर कारखान्याच्या उद्घाटनाचा जुना फोटो, टेबलावर काचेखाली दाबलेली कुलदैवताची तसबीर, खिडकीतून येणारी मळीची उबट झुळूक. ‘साहेब, दोन उत्तरं चुकीची होती आणि तीच बरोबर लिहून तिचे मार्क गेले.’ एवढं वाक्य. ‘पंप तिनं शोधला, मी नाही.’ एवढं दुसरं. दोन्ही माझ्या तोंडात तयार होती. आणि मी म्हणालो, “मार्क बोलत्यात, साहेब. शिवाय बाईमाणूस. ऊस चालू असताना मिलवर कशी फिरायची?”

त्यांना तेच ऐकायचं होतं. ती जागा अशा एकाला मिळाली, जो सातही दिवस माझ्या शेजारी झोपलेला होता. यंत्राची पेटी कपाटात गेली. त्याच्या आतल्या सेलमधून पाणी गळून ते खराब झालं, असं पुढं कधीतरी कळलं. मी हसलो होतो तेव्हा. मला वाटलं, बघा, सगळा दिखावा होता. मी पहिल्यापासून सांगत होतो.

गळीत सुरू व्हायच्या महिनाभर आधी शमीमनं राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ती मिल हाऊसमध्ये आली. रोलर पुन्हा बसवून झाले होते, सगळीकडं नव्या ग्रीसचा वास. माझ्याशिवाय जवळ कुणी नव्हतं.

“तात्या, तीन नंबरचा पाया तुमीच बघितला ना?”

“कोणता पाया?”

“पत्र्याच्या दोन पट्ट्या तुमी जूनमदी नेल्या. चिठ्ठीवर तुमची सही हाय. पंपाचा नंबर पण लिहिलाय.”

सवयीनं लिहिला होता. एकतीस वर्षांत मी चिठ्ठीशिवाय खिळा नेलेला नाही. मला वाटलं, आता ही ती चिठ्ठी घेऊन ऑफिसात जाणार. जायलाच पाहिजे होतं.

“भिऊ नका,” ती म्हणाली. “मला फकस्त इचारायचं हाय, फट किती निघाली?”

मला आधी समजलंच नाही.

“पायाखाली. किती मिलिमीटर?”

“पाऊण,” मी म्हणालो.

तिनं पर्समधून वही काढली, आकडा लिहिला आणि किंचित मान हलवली. “माझा अंदाज अर्ध्याचा हुता. चुकला.” मग वही ठेवली. “येते, तात्या. तब्येतीला जपा.”

ती गेली आणि मी तिचाही तिरस्कार करायचा प्रयत्न केला. खरंच केला. म्हणालो, आलीय मोठी मोजमापवाली. जमलं नाही. ज्याला आपल्या चुकलेल्या अंदाजाची हुरहुर आहे आणि गेलेल्या श्रेयाची नाही, अशा माणसाला तुच्छ लेखायला माझ्याजवळ काहीच शिल्लक नव्हतं. मग तो सगळा माल घरी परत आला. साहेबांसाठी, शिडीसाठी, झोपाळूंसाठी मी इतकी वर्षं साठवलेला तिरस्कार एकाच पत्त्यावर जाऊ लागला. सकाळी दाढी करताना आरशातला माणूस दिसायचा. पुण्याच्या त्या टायवाल्या साहेबांपेक्षा त्याच्यात बरं काय होतं? त्याचे हात मळलेले होते, एवढंच. मळलेले हात म्हणजे खरा माणूस, असं मी स्वतःला आयुष्यभर समजावत आलो होतो.

त्या हंगामात तीन नंबरचा पंप एकदाही बंद पडला नाही. पुढच्याही नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी माझं नाव घेतलं, आणि प्रत्येक वेळी मी मान खाली घालून ते घेतलं.

लोक याला विनय समजले.

तिची खबर अधूनमधून भगवानकडून यायची. त्याचा भाचा सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, तिथंच ती लागली होती. आधी मागाच्या मोटरी साफ करायला. मग रविवारचे वर्ग करून तिनं डिप्लोमा पुरा केला. मग एका पाळीची सगळी देखभाल तिच्याकडं आली. “भाच्याला लई दाबात ठिवती म्हणं,” भगवान सांगायचा. “मोटर उघडायच्या आधी इचारती, का उघडतोयस ते सांग. नुसतं गरम झाली म्हनलं तर चालत न्हाय.” हे सांगताना भगवान माझ्याकडं बघायचा नाही.

तर यंदा पुन्हा पत्रक आलं, तीस नावांचं. जुने चीफ इंजिनिअर निवृत्त झाले. नवे तरुण आहेत, कोल्हापूरचे. मी त्यांच्यासमोर जाऊन म्हणालो, “साहेब, नावं देतो. पण शिकवणारा आपण निवडायचा. योजनेत एक दिवस स्थानिक तज्ज्ञाचा असतो ना?”

“असतो. कोण आहे तुमच्या नजरेत?”

मी नाव सांगितलं. ते म्हणाले, बोलवा. बाहेर येऊन मी फोन लावला. नंबर भगवानकडून घेतला होता. तो देताना त्यानं कशासाठी, असं विचारलं नाही.

“तात्या? बोला की.” मागं मागांचा खडखडाट. ती बाजूला गेली असावी, आवाज कमी झाला.

मी सगळं सांगितलं. एक दिवस यायचं, आमच्या पोरांना थरथर मोजायचं शिकवायचं, यंत्र नवं घेतलंय. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “येईन. पण एक हाय. इथं सुट्टी मागायला पत्र लागंल. त्या पत्रात मला का बोलवताय, ते लिवा.”

“लिहितो की. तज्ज्ञ म्हणून...”

“तसलं नको, तात्या. तसलं सगळे लिवत्यात.” ती म्हणाली. “खरं लिवा. मला माझ्या पोरीला दाखवायचंय.”

पोरगी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. बापाच्या मयतीला कुणाच्यातरी कडेवर झोपलेली. आता सहावी-सातवीत असेल.

मी घरी लिहिलं नाही. ऑफिसात, क्लार्कच्या शेजारच्या टेबलावर बसून, कारखान्याच्या कागदावर लिहिलं. की तीन नंबरच्या पंपाचा दोष श्रीमती शमीम यांनी चिठ्ठ्यांच्या नोंदींवरून शोधला. तो मी त्यांच्या सांगण्यावरून तपासला, खरा निघाला आणि दुरुस्त केला. श्रेय मी घेतलं. नव्या जागेसाठी त्यांचं नाव आलं तेव्हा मी खरं माहीत असून विरोधात बोललो. परीक्षेत त्यांना कमी मार्क मिळाले, कारण त्यांची उत्तरं बरोबर होती. खाली सही, हुद्दा.

तरुण साहेबांनी कागद दोनदा वाचला. “तळेकर, हे असं लिहायची गरज आहे का? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची. नुसतं ‘तज्ज्ञ’ म्हटलं तरी पत्र चालेल.”

“गरज हाय, साहेब.”

त्यांनी सही केली. थोडा वेळ पेन हातात फिरवत राहिले, मग म्हणाले, “यातलं मला काही माहीत नव्हतं.” मला वाटलं, ते माझ्याविषयी आता काय विचार करतील. आणि लगेच वाटलं, करू देत. मी इतकी वर्षं सगळ्यांविषयी करत आलोय.

पत्र टपालात टाकायच्या आधी मला ते शेडमध्ये वाचायचं होतं. ज्यांच्यादेखत मी तिला ते बोललो होतो, त्याच माणसांसमोर. जेवण झालं होतं. डबे धुवून उन्हात वाळत ठेवलेले, विडीचा धूर, वर कबुतरांचं घुमणं. दोन नंबर मिलचे रोलर क्रेनला टांगलेले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “जरा ऐका.” त्यांना वाटलं, सुट्ट्यांचं काहीतरी असेल. मी वाचायला लागलो. सावकाश वाचलं. शेवटपर्यंत.

त्यांतले पाच-सहा जण तरी त्या दिवशी पंप हाऊसमध्ये होते. मी एकेकाच्या चेहऱ्याकडं बघत होतो. राग शोधत होतो, की आश्चर्य, मला सांगता येणार नाही. काहीतरी पाहिजे होतं. मग भगवान उठला. त्याचे गुडघे आता दुखतात, हात टेकून उठावं लागतं.

“आमाला ठाव हुतं, तात्या,” तो म्हणाला. “त्याच साली. पट्ट्या बसिवल्यात ते पंपाच्या पायाखाली दिसतंय की.”

“मग बोलला का न्हाईस रं?”

“तुमी कवा सांगताय, ते बघत हुतो.”

एवढं म्हणून त्यानं विडी विझवली, डोक्याला फडकं बांधलं आणि तो दोन नंबर मिलच्या खाली शिरला. बाकीचेही एकेक करून उठले, आपापल्या हत्यारांकडं गेले. थोड्या वेळानं मिलखालून हातोडीचे ठोके यायला लागले.